फोनच्या बिलाचा भत्ता करू नका: पुण्यातल्या एचआर आणि पेरोल प्रमुखांना खुले पत्र

पुणे, जानेवारी २०२६

पुण्यातल्या आयटी आणि इतर खासगी कंपन्यांचे एचआर व पेरोल प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी करसल्लागार आहे. नारायण पेठेत माझं छोटंसं ऑफिस आहे आणि गेली २२ वर्षं मी मुख्यतः नोकरदारांची रिटर्न्स भरते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर अशा सगळ्या भागांतल्या कंपन्यांचे फॉर्म सोळा, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराची प्रमाणपत्रं, दर जून-जुलैत माझ्या टेबलावर येतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची वेतनरचना मला तुमच्या कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त पाठ आहे.

गेल्या आठवड्यात एक मुलगी डिसेंबरची पगाराची स्लिप घेऊन आली. आठवड्यातले तीन दिवस ती सिंहगड रोडवरच्या घरून काम करते. स्लिपमध्ये एक ओळ होती: ‘टेलिफोन अँड इंटरनेट अलाउन्स, १,५०० रुपये’. तिने विचारलं, “मॅडम, हे पैसे तर ऑफिसच्या कामाच्या फोनसाठी आहेत. मग यावर टॅक्स का कापलाय? आणि कापलाच असेल तर रिटर्नमध्ये परत मागता येईल ना?”

मी तिला ‘नाही’ म्हणाले. हे ‘नाही’ मी २०२० सालापासून शेकडो वेळा म्हटलं असेल. हे पत्र तुम्हाला लिहायचं कारण असं की, याचं ‘हो’ करणं माझ्या हातात नाही, तिच्याही हातात नाही. ते तुमच्या हातात आहे.

ती ओळ ‘अलाउन्स’ आहे, म्हणजे भत्ता. भत्ता हा पगाराचाच भाग. कोणते भत्ते करमुक्त, याची यादी आयकर नियमावलीच्या नियम २बीबीमध्ये आहे. ऑफिसच्या कामासाठीचा प्रवास त्यात आहे, गणवेशाची खरेदी आणि देखभालही आहे. टेलिफोन नाही. त्यामुळे भत्ता म्हणून दिलेले १,५०० रुपये पूर्ण करपात्र होतात, मग ते पैसे कर्मचाऱ्याने फोनवर घालवले काय किंवा भाजीवर घालवले काय.

हेच १,५०० रुपये बिल घेऊन, बिलापोटी दिले तर चित्र बदलतं. कंपनीने दिलेल्या सोयी-सवलतींचं मूल्य कसं काढायचं ते १९६२ च्या नियमावलीतला नियम ३ सांगतो. त्याच्या सातव्या उपनियमात इतर सवलतींबद्दलचं एक कलम आहे आणि त्याच्या शेवटी स्पष्ट अपवाद आहे: मालकाने कर्मचाऱ्याच्या वतीने टेलिफोनवर, मोबाइलसह, प्रत्यक्ष केलेल्या खर्चाला हे कलम लागू होणार नाही. याला रुपयांची मर्यादा नाही. ऑफिसचे कॉल किती आणि घरचे किती, अशी फोड करायलाही नियम सांगत नाही. खर्च खरोखर झालेला असला पाहिजे आणि तो कंपनीने सोसलेला असला पाहिजे, एवढंच.

रक्कम तीच, माणूस तोच, फोनही तोच. पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये ती रक्कम कोणत्या सदरात टाकली, यावर कर ठरतो.

कर्मचारी स्वतः का मागू शकत नाही, हे मला लोकांना पुन्हापुन्हा समजावून सांगावं लागतं. पगाराच्या उत्पन्नातून काय वजा होतं ते कलम १६ मध्ये दिलंय. तिथे तीनच गोष्टी आहेत: स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे सगळ्यांना सरसकट मिळणारी ठरावीक वजावट, फक्त सरकारी नोकरांना लागू असलेला एंटरटेनमेंट अलाउन्स, आणि व्यवसाय कर, म्हणजे आपल्याकडचे वर्षाचे २,५०० रुपये. नव्या करप्रणालीत, म्हणजे २०२० पासूनच्या कमी दरांच्या पण कमी सवलतींच्या पर्यायात, तर यातलं स्टँडर्ड डिडक्शनच उरतं. कामासाठी मी खिशातून इतका खर्च केला, तो वजा करा, असं म्हणायची जागा नोकरदाराच्या रिटर्नमध्ये कुठेही नाही. कंपनीने वर्षभरात जे केलं नाही ते जुलैत दुरुस्त करता येत नाही.

इतर काही देशांत ही जागा आहे. ऑस्ट्रेलियात घरून केलेल्या कामाच्या प्रत्येक तासाला ठरावीक दर धरून नोकरदार स्वतः वजावट घेतो. जुलै २०२४ पासून तो दर ७० सेंट आहे आणि फोन, इंटरनेट, वीज हे सगळं त्यातच येतं. जर्मनीत घरून काम केलेल्या दिवसाला ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १,२६० युरो. आपल्याकडेही करोनाच्या काळात अर्थसंकल्पाआधी अशा वजावटीच्या मागण्या झाल्या, पण तशी तरतूद आली नाही. म्हणून आपल्या नोकरदारासाठी नियम ३ मधला तो अपवाद एवढाच दरवाजा आहे, आणि त्याची कडी तुमच्या बाजूने आहे.

आता पैशांचं बोलू, कारण “दीड हजारात असं काय वाचणार?” हे मी तुमच्याच क्षेत्रातल्या लोकांकडून ऐकलं आहे.

वर्षाचे झाले १८,०००. नव्या प्रणालीत वीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला सेससह, म्हणजे करावरच्या उपकरासह, ३,७४४ रुपये जास्त कर पडतो. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ५,६१६. ज्यांचं करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे त्यांना कर लागतच नाही, त्यामुळे त्यांना या बदलाने काही मिळणार नाही, हेही सांगते. पण जे या रेषेच्या जरासे पलीकडे आहेत, त्यांचा हिशोब एकदा बसून करा.

समजा एखाद्याचा वर्षाचा एकूण पगार १२ लाख ९० हजार आहे आणि त्यात हे १८,००० भत्ता म्हणून आहेत. ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की १२ लाख १५ हजार उरतात. स्लॅबप्रमाणे कर येतो ६२,२५०. मार्जिनल रिलीफ या सवलतीमुळे तो १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम आहे तेवढ्यावर, म्हणजे १५,००० वर येतो. सेस धरून १५,६००. आता तेच १८,००० बिलापोटी द्या. करपात्र पगार होतो १२ लाख ७२ हजार, स्टँडर्ड डिडक्शननंतर ११ लाख ९७ हजार. १२ लाखांच्या आतल्यांची रिबेट, म्हणजे करमाफी, पूर्ण मिळते. कर शून्य.

पंधरा हजार सहाशे रुपये. चार-पाच वर्षं अनुभव असलेल्या, वाकडला भाड्याने राहणाऱ्या, गावाकडे आईवडिलांना पैसे पाठवणाऱ्या मुलाचे हे पैसे आहेत. माझ्याकडे या पट्ट्यातले बरेच जण येतात. प्रत्येकाचा फॉर्म सोळा उघडताना माझी नजर आधी त्या ओळीवर जाते.

कंपनीचं यात काय जातं? काहीच नाही. भत्ता दिला तरी तो कंपनीचा खर्च, बिल भागवलं तरी कंपनीचाच खर्च. दोन्ही तुमच्या नफ्यातून सारखेच वजा होतात. सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यामागचा तुमचा एकूण खर्च, एक रुपयानेही वाढत नाही.

एक गैरसमज मला बऱ्याच पेरोल विभागांत दिसतो. “कर्मचारी नव्या प्रणालीत आहेत, आता त्यांना कसलीच सूट नाही, म्हणून आम्ही फ्लेक्सीमधली, म्हणजे कर्मचाऱ्याने निवडायची, सगळी सदरं बंद करून स्पेशल अलाउन्समध्ये घातली.” घरभाडे भत्त्याची सूट गेली, एलटीएची, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासाच्या भत्त्याची गेली, ८०सी खालची गुंतवणुकीची वजावट गेली, हे खरं. पण टेलिफोनचा अपवाद त्या यादीत नाही. २०२० साली नवी प्रणाली आली तेव्हा नियम ३ मध्येच बदल करून जेवणाच्या कूपनची सूट नव्या प्रणालीतल्यांसाठी काढून घेण्यात आली. म्हणजे नियम करणाऱ्यांनी हे पान उघडलं होतं, त्यातलं काय काढायचं ते ठरवलं होतं, आणि टेलिफोनच्या ओळीला हात लावला नव्हता. तुम्ही मात्र ती ओळ कर्मचाऱ्याच्या स्लिपवरून पुसून टाकलीत.

दुसरं उत्तर येतं ते स्टँडर्ड डिडक्शनचं: सगळे खर्च त्यातच आले, आता वेगळं काय मागता? २०१८ च्या अर्थसंकल्पात ४०,००० चं स्टँडर्ड डिडक्शन परत आलं, तेव्हा त्याच्या बदल्यात दोन सवलती गेल्या: प्रवासाचे वर्षाला १९,२०० आणि औषधोपचाराचे १५,०००. फोनची सवलत त्या व्यवहारात नव्हती. ती आधीही होती, नंतरही राहिली.

कोथरूडचं एक जोडपं माझ्याकडे येतं. बायको इंटिरियर डिझायनर, स्वतःचा व्यवसाय. नवरा नोकरीत, आठवड्यातले तीन दिवस घरी. जेवणाच्या टेबलाची एक बाजू तिची, एक त्याची, आणि मधल्या भिंतीवर एकच राउटर. ती हिशोबाची पुस्तकं ठेवते, त्यामुळे इंटरनेटच्या आणि फोनच्या बिलातला व्यवसायाचा हिस्सा आम्ही तिच्या उत्पन्नातून वजा करतो. कलम ३७ प्रमाणे तो तिचा हक्क आहे. पुस्तकं ठेवली नसती तरी कलम ४४एडीए खाली जमा रकमेतली निम्मी नफा धरून बाकीची निम्मी खर्चात गेली असती, कुणी बिल मागितलं नसतं. नवरा त्याच राउटरवरून रात्री साडेदहापर्यंत परदेशातल्या क्लायंटशी बोलतो. त्याचा एक रुपयाही वजा होत नाही, कारण त्याच्या कंपनीने ‘कनेक्टिव्हिटी अलाउन्स’ नावाचं सदर केलंय. गेल्या वर्षी त्याने मला विचारलं, “मी काय चुकीचं केलं?” त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

आता तुमच्या अडचणी. त्या खऱ्या आहेत, हे मला माहीत आहे. बिलं गोळा करा, तपासा, परत पाठवा, शंभर मेल. त्यापेक्षा ठरावीक रक्कम पगारात टाकली की काम संपलं. कर्मचारीही कधीकधी म्हणतात, बिलांची कटकट नको. पण जानेवारी-फेब्रुवारीत विम्याच्या पावत्या, गृहकर्जाची प्रमाणपत्रं, भाडेपावत्या हे सगळं तुम्ही दरवर्षी तपासत आलाच आहात. नव्या प्रणालीत आलेल्यांची ती तपासणी आता उरलेली नाही. त्या वाचलेल्या वेळात फोनची बिलं बसतात.

जिथे गाडी अडते ती ठिकाणं मला पाठ झाली आहेत.

पहिलं नावाचं. पुण्यातल्या घरांत इंटरनेटचं कनेक्शन बहुतेक वेळा सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं, कारण तिथे आधी त्यांचा लँडलाइन होता आणि तोच पुढे फायबरवर गेला. पोर्टलवर बिल चढवलं की ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत येतं. हिंजवडीजवळ फ्लॅट घेऊन राहणारी चार मुलं असतील तर कनेक्शन घरमालकाच्या नावावर आणि पैसे चौघांत वाटलेले. नियमाचे शब्द ‘कर्मचाऱ्याच्या वतीने’ असे आहेत. कनेक्शन त्याच्याच नावावर हवं, असं तिथे लिहिलेलं नाही. माझ्या मते बिल, कर्मचाऱ्याच्या खात्यातून पैसे गेल्याची नोंद आणि त्याचं सहीचं निवेदन, हा पुरेसा पुरावा आहे. चौघांत बिल असेल तर त्याने स्वतः भरला तेवढाच हिस्सा धरायचा.

दुसरं प्रीपेडचं. नव्या पिढीत महिन्याच्या बिलाचा मोबाइल कमी जणांकडे आहे. ८४ दिवसांचं रिचार्ज मारलं की झालं. पैसे भरण्याच्या ॲपचा स्क्रीनशॉट दिला तर तुमचा माणूस तो नाकारतो, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण त्यावर बहुधा पुरेसा तपशील नसतो. पण मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून नंबर, तारीख, रक्कम आणि १८ टक्के जीएसटी दाखवणारी रीतसर पावती निघते. हे कर्मचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या पोर्टलवर दोन ओळींची सूचना टाका, निम्म्या तक्रारी मिटतील.

तिसरं, दोन कनेक्शनचं. “घरी ब्रॉडबँड आहे ना, मग मोबाइलचंही बिल कशाला?” असं एका पेरोलच्या माणसाने माझ्या क्लायंटला लिहून विचारलं होतं. गुरुवारी पुण्यात घरून काम करून बघा. देखभालीसाठी सकाळी वीज गेली की राउटर बंद पडतो. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडायचा आणि बॅटरी आहे तोवर मीटिंग रेटायची. त्या दिवशी मोबाइलचा डेटा हेच ऑफिस असतं. घरून काम करणारी माणसं दोन कनेक्शन चैनीसाठी ठेवत नाहीत. कॉल मध्येच तुटला तर बोल त्यांनाच लागतो.

आणखी एक गोष्ट मला काळजीची वाटते. कायदेशीर वाट बंद दिसली की लोक दुसरी शोधतात. कमिशनवर रिफंड काढून देणारे लोक अशा मुलांना गाठतात आणि रिटर्नमध्ये नसलेल्या देणग्या, नसलेलं भाडं, नसलेले करमुक्त भत्ते टाकून देतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोहीम काढली. त्यानंतर माझ्याकडे घाबरलेली, पंचविशी-तिशीची मुलं आली. त्यांतल्या एकाने खोटं का लिहिलं विचारल्यावर सांगितलं, “माझा खरा खर्च कुठे दाखवायचा तेच कुणी सांगत नव्हतं.” त्याचं कृत्य मी पाठीशी घालणार नाही. त्याला सुधारित रिटर्न भरायला लावलं, कर आणि व्याज भरायला लावलं. पण त्याचं वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

हे पत्र आत्ताच लिहायलाही कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतनाची नवी व्याख्या धरून तुमच्यापैकी जवळपास सगळेच एप्रिलसाठी वेतनरचना नव्याने मांडत असणार. त्यातच १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आयकर कायदा येतोय, त्यासोबत नियमावलीही नवी येईल. सगळी सदरं एकदा उघडली जाणारच आहेत. ती परत बंद करण्याआधी फोनची ओळ ‘अलाउन्स’मधून काढून ‘रीइंबर्समेंट’मध्ये ठेवा. नव्या नियमावलीत टेलिफोनची तरतूद कोणत्या शब्दांत येते ते तुमच्या सल्लागाराकडून तपासून घ्या आणि त्याप्रमाणे सदराचं वर्णन लिहा.

या पत्राची एक प्रत मी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळालाही पाठवते आहे, एकाच विनंतीसह. सध्याच्या नियमात ‘टेलिफोन’ आहे, ‘मोबाइल’ आहे, ‘इंटरनेट’ हा शब्द नाही. बऱ्याच कंपन्या ब्रॉडबँडचं बिल याच सदरात घेतात. फायबरच्या एकाच बिलात फोन आणि इंटरनेट दोन्ही येतात, आणि घरून काम करणाऱ्याचा बहुतेक संवाद इंटरनेटवरूनच होतो, त्यामुळे मला ते योग्य वाटतं. पण शब्द नसल्यामुळे काही पेरोल प्रमुख धास्तावतात आणि नियमात स्पष्ट लिहिलेलं मोबाइलचं बिलसुद्धा नाकारतात. नवे नियम लिहिले जात असताना हा एक शब्द घालावा. तो येईपर्यंत निदान टेलिफोन आणि मोबाइल एवढं तरी तुम्ही निर्धास्तपणे करू शकता.

ज्यांच्याकडे शक्य आहे त्यांनी आणखी एक विचार करावा: जे पूर्ण वेळ घरून काम करतात त्यांना कंपनीच्या नावाचंच मोबाइल कनेक्शन द्या. मग बिल थेट कंपनीला येतं, पावत्या गोळा करायच्या राहत नाहीत.

तीन महिन्यांतून एकदा भरायचा अर्ध्या पानाचा फॉर्म मी मराठी आणि इंग्रजीत तयार केला आहे. कनेक्शनचा नंबर, कोणाच्या नावावर, कर्मचाऱ्याशी नातं, बिलाचा कालावधी, स्वतः भरलेली रक्कम आणि सही, एवढंच त्यात आहे. कोणत्याही कंपनीला तो विनामूल्य देईन. तुमच्या पेरोलच्या माणसांना घेऊन बसायची वेळ आली तर मी हिंजवडीलाही येईन, खराडीलाही येईन. एप्रिलचा पगार साधारण २० तारखेला लॉक होतो. त्याआधीचा कुठलाही दिवस मला चालेल.

आपली,
नारायण पेठेतली एक करसल्लागार